सात टक्क्यांची दुरुस्ती

४ फेब्रुवारी

पेटी एकदाची बसली. डॉक्टरबाई महिनाभर मागे लागल्या होत्या. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी किती, हे मोजणारी ही पेटी. बाळाला आत निजवायचं, काचेचं झाकण लावायचं, आतल्या हवेचा दाब बाळाला कळणारही नाही इतका हलका बदलतो, आणि त्यावरून बाळाने किती जागा व्यापली ते निघतं. वजन आणि जागा दोन्ही कळली की चरबी कळते, कारण चरबी हलकी. एवढंच. माहितीपुस्तकात यावर अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. लिहिणाऱ्यांना शब्दांचा सोस फार.

बाईंचा अभ्यास असा की बाळ पोटात असतानाच सोनोग्राफीत त्याची मांडी मोजायची, तिच्या मधल्या भागाचं घनफळ काढायचं, आणि बाळ अंगाने भरतंय की नुसतं लांब होतंय ते सांगायचं. जन्मल्यावर पेटीत घालून पडताळायचं. बाई म्हणतात, नुसतं वजन फसवतं. दोन बाळं सारख्याच वजनाची असतात, पण एकाकडे शिदोरी असते आणि दुसरं नुसती कातडी-हाडं.

दवाखान्यात मला सगळे मिस्त्री म्हणतात. म्हणोत. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. रेडिओ उघडण्यापासून सुरुवात केली, मग शब्दकोश मांडीवर घेऊन एकेका मशीनचं पुस्तक फोडून काढलं. आज या इमारतीत माझ्या हाताखालून गेलं नाही असं एक यंत्र नाही. कंपनीचा इंजिनिअर वर्षातून एकदा टाय लावून येतो, चहा पितो, 'तपासले' अशी चिठ्ठी डकवतो आणि जातो. त्याला मी टायवाला म्हणतो. तोंडावर नाही.

चिंगीला उद्यापासून सातवा महिना. जावई जहाजावर असतो, म्हणून ती आमच्याकडेच राहते. एवढी मोठी झाली, बँकेत हाताखाली चार माणसं आहेत, पण चिंगी म्हटलं की अजून चिडते.

११ फेब्रुवारी

चिंगीलाही अभ्यासात घेतलं. मी मशीनपाशी उभा राहिलो. सोनोग्राफी करणारी मुलगी (हिला सगळे टिचकी म्हणतात, बोलण्यात टिचक्या मारते म्हणून) म्हणाली, "काका, बाहेर थांबा."

"मशीन माझ्या देखभालीत आहे."

"पोट तिच्या देखभालीत आहे. बाहेर."

चिंगी हसली. मी दारात उभा राहिलो, तिथूनही स्क्रीन दिसतो. टिचकीचा हात चांगला आहे, मान्य करतो. मांडीचं हाड आडवं घेतलं, मधल्या भागाच्या भोवती कडा आखत गेली. मग आलेखावर ठिपका पडला. खालच्या रेषेच्या खाली.

तिने परत मोजलं. परत खाली.

डॉक्टरबाई आल्या, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं. "मांडी बारीक आहे. वजनही खालच्या रेषेला टेकलंय. घाबरायचं काही नाही, पण आता जरा लवकर लवकर बघत राहू. रक्तदाबही."

मी विचारलं, "मशीनवर भरवसा किती ठेवायचा?"

बाई म्हणाल्या, "ते तर मिस्त्री, तुम्ही मला सांगायचं."

खरं आहे. ते मीच सांगायचं.

१२ फेब्रुवारी

घरी चिंगीच्या आईला सांगितलं. ही म्हणाली, "मग तिला नीट दाखवा. मोठ्या इस्पितळात न्या."

मी म्हटलं, आमच्या घराण्यात आजवर बारीक मूल जन्मलेलं नाही.

"आरशात बघा. वाऱ्याने उडू नये म्हणून खिशात पक्कड ठेवता."

हिच्याशी शास्त्रीय बोलण्यात अर्थ नाही. बाळ बारीक आहे असं कोण म्हणतंय? मशीन. मशीनला शेवटचं कुणी तपासलं? टायवाल्याने. तेव्हा आधी मशीन तपासायचं, बाळाचं नंतर बघू. कुठलाही समंजस माणूस याच क्रमाने जाईल.

१५ फेब्रुवारी

सोनोग्राफीचं मशीन तपासायला ठोकळा लागतो. जिलेटिनचा, आत नायलॉनच्या तारा, एकमेकींपासून नेमक्या अंतरावर ताणलेल्या. ठोकळ्यावर प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो दांडा, ठेवला की स्क्रीनवर तारांचे ठिपके दिसतात. ठिपक्यांमधलं अंतर आणि तारांमधलं खरं अंतर जुळलं की मशीन खरं बोलतंय. कंपनीचा ठोकळा टायवाल्याच्या बॅगेत असतो, आणि टायवाला कुठे असतो ते देवाला ठाऊक. म्हणून घरीच केला.

पहिला ठोकळा पुस्तकाबरहुकूम केला आणि फसला. रात्रभरात वाळून कडेने तडकला. दुसऱ्या वेळी डोकं चालवलं. ग्लिसरीन पुस्तकात आहे त्याच्या दुप्पट घातलं, वर आणखी थोडं. ग्लिसरीन असलं की वाळत नाही, सडत नाही. काय सुरेख ठोकळा झाला! काचेसारखा स्वच्छ, बोटाने दाबला तर हलकेच वर येणारा. पुस्तक लिहिणाऱ्याने हा स्वतःच्या हाताने कधी केला नसणार. हिचं मोठं पातेलं मात्र अडकलं, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली.

तारा वीस मिलिमीटरवर ताणलेल्या. व्हर्नियरने मोजल्या, पुन्हा मोजल्या. सकाळी टिचकी यायच्या आधी मशीन लावलं.

स्क्रीनवर अंतर आलं अठरा पूर्णांक सात.

सगळ्या तारांमध्ये तेच. वरच्या, खालच्या, मधल्या. एक जरी वेगळी आली असती तर मी माझ्या तारांवर संशय घेतला असता. पण सगळीकडे तीच तूट, म्हणजे चूक शिस्तीत आहे, आणि शिस्तीतली चूक मशीनचीच असते. मशीन सात टक्के कमी दाखवतंय. लांबीत सात म्हणजे घनफळात साडेबावीस! बाळाच्या मांडीतून सरळ साडेबावीस टक्के चोरी. हाताने हिशेब करून चिंगीचा ठिपका पुन्हा मांडला. खालच्या रेषेच्या वर आला.

बाळ बारीक नव्हतंच. मशीन कंजूष होतं.

दुरुस्तीच्या पानावर जाण्याचा परवलीचा शब्द मला ठाऊक आहे. सात टक्के वाढवले. ठोकळा पुन्हा मोजला, वीसला वीस. इतकं समाधान फार दिवसांत झालं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

बाईंना सगळं समजावून सांगितलं, ठोकळाही दाखवला. त्यांनी दाबून पाहिला.

"कंपनीला एकदा विचारायचं का?"

"विचारा की. टायवाला पंधरा दिवसांनी येईल, चहा पिईल, चिठ्ठी डकवेल."

बाई हसल्या. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं."

चिंगीला लगेच परत मोजलं. ठिपका रेषेच्या वर, वजनही बरं. चिंगीने टेबलावरून अंगठा वर करून दाखवला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. घरी आल्यावर हिला म्हटलं, ने आता मोठ्या इस्पितळात. ही चिंगीच्या पोटाकडे बघत राहिली.

२४ फेब्रुवारी

टिचकी आज म्हणाली, "काका, तुमच्या हाताला गुण आहे. तुम्ही मशीनला हात लावल्यापासून सगळीच बाळं गुटगुटीत झाली. एक किरकोळ बाळ दिसत नाही. पेशंट मलाच पेढे देतील आता."

मी म्हटलं, बाळं आधीपासून तशीच होती, आपणच त्यांना उपाशी दाखवत होतो.

"असेल बाई." तिने प्रोब पुसला. "पण सकाळच्या त्या उंच बाईच्या पोटावर हात ठेवला ना, तर एवढं मोठं बाळ आत आहे असं हाताला नाही वाटलं."

"हाताला काय वाटतं यावर मशीन चालत नाही."

"नाही चालत," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

२ मार्च

पेटीने घोळ घातला. त्या उंच बाईचं बाळ काल जन्मलं. सोनोग्राफीप्रमाणे ते अंगाने भरलेलं असायला हवं होतं. पेटीने चरबी अगदीच कमी दाखवली. बाई वैतागल्या, "मिस्त्री, तुमची दोन यंत्रं आपसात भांडतायत. कोण खोटं बोलतंय ते बघा."

हा निवाडा करायला मला फार वेळ लागला नाही. सोनोग्राफी मी स्वतः तपासलेली. राहिली पेटी. झाकण काढून पाहिलं, तर रबरी गास्केटला कोपऱ्यात बारीक चीर. हवा निसटत असणार. शोधलं की सापडतंच, फक्त शोधणाऱ्याला नजर पाहिजे. नवी गास्केट बसवली. पेटीसोबत आलेला धातूचा गोळा आत ठेवून मोजला, बरोब्बर आकडा आला.

टिचकी मागे उभी होती. "जुनी गास्केट असताना गोळा ठेवून बघितला होतात?"

"चीर डोळ्यांना दिसत होती. मग मोजायचं काय?"

"नाही, सहज विचारलं."

टिचकीला हल्ली सहज फार सुचतं.

ते बाळ पाहिलं. उंच बाईच्या कुशीत होतं, म्हाताऱ्या माणसासारखं कपाळ आणि हातांची कातडी सैल. लांबुडकं बाळ. अशीही असतात.

५ मार्च

सकाळी चिंगीची अंगठी निघेना. साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला. बोट सुजून निळसर पडायला लागलं होतं. शेवटी मी माझी बारीक करवत काढली. अंगठीखाली पत्र्याची पट्टी सरकवली, चिंगीला म्हटलं, खिडकीबाहेर बघ. कातडीला ओरखडासुद्धा न येता अंगठी कापली. सोनाराला जमलं नसतं इतक्या सफाईने.

"बाबा, तुम्ही सर्जन व्हायला हवं होतं."

"सर्जनला एवढी बारीक करवत देत नाहीत."

तिला तिच्या चपला होत नाहीत, माझ्या घालून घरभर फटक फटक फिरते. चेहराही भरलाय. मी हिला म्हटलं, बघ, आईच्या अंगाला लागतंय म्हणजे बाळाच्याही लागत असणार.

ही म्हणाली, "अंगाला लागणं वेगळं आणि सूज वेगळी. तिच्या नडगीवर बोट दाबा, खड्डा राहतो."

दाबून पाहिलं. राहतो खरा. पाणी जास्त पीत असेल.

८ मार्च

तपासणीचा दिवस. रक्तदाब वर आहे. बाईंनी दोनदा घेतला, उजव्या हातावर, मग डाव्या.

मग चिंगीला म्हणाल्या, "डोकं दुखतं? डोळ्यांसमोर काही चमकतं?"

"डोकं थोडं. ऑफिसचा हिशेब घरून करते ना, त्याने असेल."

बाई मला म्हणाल्या, "खरं सांगू का, आज हिला दाखल करून घ्यावं असं माझ्या मनात आहे. असा रक्तदाब, त्यात बाळाची वाढ मागे पडत असती तर मी एक दिवसही थांबले नसते. बाळ लवकर बाहेर काढावं लागतं अशा वेळी."

"बाळाचं मोजा की," मी म्हटलं.

टिचकीने मोजलं. एक किलो आठशे. मांडीचा ठिपका खालच्या रेषेच्या वर, आरामात. मी बाईंच्या खांद्यामागून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, काय उपयोगाची दुरुस्ती केली. नाहीतर विनाकारण सातव्या-आठव्या महिन्यात मुलीचं पोट फाडलं असतं.

बाईंनी श्वास सोडला. "वाढतंय. मग काही दिवस मिळवू या. बाळाचा आतला प्रत्येक दिवस फायद्याचा. गोळ्या चालू करते. पण डोकं जास्त दुखलं, काजवे दिसले, पोटात वर दुखलं, तर लगेच यायचं. लगेच म्हणजे लगेच, समजलं?"

रिक्षात चिंगी म्हणाली, "बाबा, बाळ दोन दिवस फार हलत नाहीये."

मी म्हटलं, मोठं झालंय, आत जागा कमी पडत असेल. हे मी कुठेतरी वाचलेलं आहे.

१० मार्च

चिंगी सकाळी म्हणाली, तिच्या खोलीतली ट्यूब लुकलुकते. मी पाहिलं, मला तर स्थिर दिसली. तरी स्टार्टर बदलला, चोकही तपासला. आता उत्तम आहे. दुपारी परत म्हणते, कोपऱ्यात लुकलुकतंय. म्हटलं, तो कोपरा आहे, तिथे ट्यूब कुठाय?

"डोळे मिटले तरी लुकलुकतंय, बाबा."

ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "डॉक्टरीण काय म्हणाली होती? आत्ताच्या आत्ता नेऊ या."

मी म्हटलं, परवा मोजलंय, बाळ ठणठणीत आहे, उद्या तपासणी आहेच. हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वर्तमानपत्र उचललं. मग चिंगीच म्हणाली, "आई, थोडं पडते. बरं वाटेल. बाबांनी मोजलंय ना."

११ मार्च

जमेल तसं लिहितो.

सकाळी मी दाढी करत होतो. हिची किंकाळी ऐकली. चिंगी न्हाणीघराच्या दारात पडली होती. अंग ताठ, दात घट्ट, हात-पाय झटके देत होते, डोळे वर. हिने तिला कुशीवर वळवून डोकं मांडीवर धरलं होतं आणि मला ओरडून सांगत होती, गाडी, गाडी आणा. मी चेहऱ्याला साबण तसाच ठेवून रस्त्यावर गेलो. शेजारचे ड्रायव्हर घरीच होते, त्यांनी गाडी काढली.

दवाखान्यात बाईंनी काही विचारलं नाही. धावतच आत नेलं. दार बंद झालं.

बाकावर ही आणि मी. ही एकदाच बोलली. "काल म्हटलं होतं मी."

माझ्या गालावरचा साबण वाळून ताणत होता.

दुपारी टिचकी बाहेर आली. मुलगी झाली. चिंगी शुद्धीवर नाही, औषधाने झोपवलंय, झटके थांबले आहेत. पुढचं आज सांगता येणार नाही. बाळ काचेत ठेवलंय.

मी विचारलं, "वजन?"

ती म्हणाली, "काका, नंतर सांगते," आणि आत गेली.

१२ मार्च

सकाळी बाईंनी बोलावलं. डोळे लाल, गाऊन तसाच अंगावर. म्हणाल्या, "मिस्त्री, मला माहीत आहे तुमची मुलगी आत आहे. तरी एक काम करा. बाळांच्या खोलीतला काटा बघा. तो बिघडलाय."

"काय दाखवतो?"

"एक किलो चारशे वीस. चार दिवसांपूर्वीच तर आपण एक आठशे पाहिलं. इतका फरक सोनोग्राफीत होत नाही. काट्यावरून मी औषधाचा, दुधाचा हिशेब करणार आहे. चुकीचा असेल तर मुलीला धोका."

मी वजनं घेऊन गेलो. बाळांच्या खोलीत गरम हवा, बारीक आवाजात बीप बीप. काटा खिडकीपाशी होता. पातळी तपासली, ठीक. शून्य, ठीक. पाचशे ग्रॅमचं वजन ठेवलं, पाचशे. किलो ठेवलं, किलो. दोन्ही एकत्र, दीड. वजनं काढून उलट्या क्रमाने ठेवली. काटा हलला नाही. पॅन उघडून पाहिली, तारा पाहिल्या. मी शोधत राहिलो. कुठेतरी काहीतरी असायलाच हवं होतं.

शेवटी मान वर केली तर पलीकडच्या काचेत ती होती.

मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटतं, काटा तपासताना मी मुद्दामच तिच्याकडे पाठ करून उभा होतो. नाकात नळी, डोक्यावर पट्टी. मांड्या माझ्या करंगळीएवढ्या. आणि त्यावर कातडी सुरकुतलेली, दुसऱ्या कुणाचे तरी मोठे कपडे घातल्यासारखी. बाई म्हणाल्या होत्या तसं, शिदोरी नसलेलं बाळ. मोजायला काही लागत नव्हतं. दारातूनही दिसलं असतं.

बाईंना सांगितलं, काटा बरोबर आहे.

"नक्की?"

"नक्की."

"मग काय चुकलं?"

मी म्हटलं, बघतो.

संध्याकाळी चिंगीने डोळे उघडले. जीभ जड होती, ती चावली गेली होती. "बाबा, केवढी आहे?"

"छान आहे," मी म्हटलं.

"मशीन म्हणालं होतं तेवढी?"

ही पुढे झाली आणि तिला पाणी पाजायला लागली.

१३ मार्च

रात्रभर ठोकळाच डोक्यात होता; पुस्तक सोडून मी एकच गोष्ट केली होती, ग्लिसरीन वाढवलं होतं. सकाळी टायवाल्याला फोन केला. नंबर त्याच्याच चिठ्ठीवर होता. म्हटलं, एका ओळखीच्या माणसाने घरी ठोकळा केलाय, सहज विचारतोय, ग्लिसरीन जास्त पडलं तर काही बिघडतं का?

तो खाता खाता बोलत होता. "बिघडतं म्हणजे! ग्लिसरीनमधून आवाज जास्त वेगाने धावतो. प्रोबमधून गेलेला आवाज लवकर परत येतो, मशीनला वाटतं तार जवळ आहे. म्हणून अंतर कमी दाखवतं. मशीनचं काही चुकत नाही, ठोकळाच चुकलेला असतो."

"सगळ्या तारांत सारखंच कमी?"

"सारखंच येणार ना, वेग सगळीकडे सारखाच वाढलेला. त्यानेच लोक फसतात. वाटतं, मशीन बिघडलंय. मग एखादा शहाणा मशीनच वाढवून ठेवतो." तो खायचा थांबला. "हॅलो? कुणी वाढवून तर नाही ना ठेवलं? कारण मग ते माणसांवर लावलं तर सगळी बाळं आहेत त्याच्यापेक्षा मोठी दिसणार. कुठला दवाखाना आहे हा?"

मी सांगितलं, माझाच आहे. मीच केलंय.

मग तो म्हणाला, "बंद करा आधी. मी निघतो. तासाभरात पोचतो." चहाबद्दल किंवा इतर कशाबद्दल त्याने एक शब्द काढला नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा बाकावर ओळीने बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर पहिलं मूल झोपलेलं. सोनोग्राफीच्या खोलीत एक अगदी कोवळी बाई टेबलावर होती, पोटाला जेल लावलेलं, टिचकीच्या हातात प्रोब. स्क्रीनवर बाळाची मांडी. टिचकी कडा आखत होती. ठिपका पडला, रेषेच्या बराच वर.

"मस्त," टिचकी म्हणाली.

मी भिंतीपाशी गेलो आणि वायर ओढून काढली. स्क्रीन काळा झाला.

"काका! काय करताय?"

"हे मशीन खोटं बोलतंय," मी म्हटलं. "मी बोलायला लावलंय त्याला. आज कुणालाही मोजायचं नाही."

टिचकीने प्रोब हळूच जागेवर ठेवला. टेबलावरची बाई कोपरावर उठून बसली, एकदा माझ्याकडे, एकदा काळ्या स्क्रीनकडे पाहत.

"पण माझं बाळ ठीक आहे ना? आत्ता तर मस्त म्हणालात."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते कळलं नाही, पण चेहऱ्यावरून पुरेसं ऐकलेलं दिसत होतं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पंधरा फेब्रुवारी."

"किती जणी?"

"तेव्हापासून आल्या तेवढ्या सगळ्या."

बाई टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या. टिचकीला म्हणाल्या, "नंबर सांगत जा. ज्यांची बाळंतपणं व्हायची आहेत त्या आधी. सगळ्यांना आजच बोलाव, मोठ्या इस्पितळात पाठवू." मला त्यांनी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. मी मशीनशेजारी, वायर हातात धरून उभा राहिलो.

पहिलीने फोन लगेच उचलला. निघते म्हणाली, नवऱ्याला हाक मारल्याचंही ऐकू आलं. दुसरीचा लावला. तो वाजत राहिला. बाईंनी ठेवून पुन्हा लावला. वाजतच राहिला.